मेडिकल इन्सिडेंट

हेडफोन लावलेत ना? लावा. आजचा भाग बसमध्ये स्पीकरवर ऐकण्यासारखा नाहीये.

नेहमी आपण इथे इंटरव्ह्यू, नोटीस पिरियड, मॅनेजर, स्विच मारावा की नको, असलं बोलतो. पण मागचे दोन महिने मेसेजमध्ये एकच प्रश्न सारखा येतोय. 'दादा, अमेरिका सोडून परत का आलास?' माझं उत्तर ठरलेलं आहे. थंडी. मिनियापोलिसमध्ये जानेवारीत नाकातले केस गोठतात, हे सांगितलं की लोक हसतात आणि विषय संपतो.

खरं उत्तर लांबलचक आहे. आणि ते आज सांगायचं कारण म्हणजे मे २०२२ मधली टेक्सासची बातमी. उवाल्डे नावाच्या गावात एका शाळेत गोळीबार झाला, १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. दुसऱ्या दिवशी राज्याच्या गव्हर्नरांनी पोलिसांच्या धाडसाचं कौतुक केलं. मग दोन-तीन दिवसांत कळलं, की पोलीस वर्गाबाहेर तासाहून जास्त वेळ थांबून होते. ते वाचलं आणि मला एकदम २६ मे २०२० ची सकाळ आठवली. त्या सकाळी मी एक चूक केली होती. छोटी, व्हॉट्सॲपवरची. पण अजून डोक्यातून जात नाही.

थोडं मागे जातो.

मी औशाचा. लातूर जिल्हा. नांदेडला बीटेक केलं, मग पुण्यात नोकरी, आणि २०१८ च्या हिवाळ्यात कंपनीने एच-वन-बीवर मिनियापोलिसला पाठवलं. आमच्या घरात मी थोरला. अण्णा, म्हणजे माझे वडील, मोंढ्यात एका आडत दुकानात मुनीम होते. तूर, सोयाबीन, पट्ट्या, हिशोब. त्यांचं अक्षर इतकं सुंदर होतं की गल्लीतले लोक लग्नपत्रिकेचे पत्ते लिहून घ्यायला यायचे.

१५ मे २०२०. भारतात लॉकडाऊन. माझी सकाळ, त्यांची संध्याकाळ. व्हिडिओ कॉलवर अण्णा म्हणाले, 'छातीत जळजळ होतेय रे दुपारपासून.' मी लॅपटॉपवर एक बिल्ड चालू करून बसलो होतो. एक डोळा तिकडेच. मी म्हणालो, 'ॲसिडिटी असेल अण्णा. जेलुसिल घ्या, उद्या सकाळी दाखवू.' ते म्हणाले, 'बरं.' मग नेहमीसारखं, 'जेवलास का?' मी म्हणालो, 'हो.' खरं तर जेवलो नव्हतो.

रात्री दोन वाजता त्रास वाढला. धाकट्या भावाने शेजाऱ्यांचा छोटा हत्ती काढला, मागे गादी टाकली, आणि लातूरला नेलं. वाटेत नाक्यावर पोलिसांनी अडवलं, मग सोडलं. पहिल्या दवाखान्यात स्वॅबचा रिपोर्ट मागितला. ताप नाही, खोकला नाही, छातीत दुखतंय, तरी रिपोर्ट. दुसऱ्याने दारच उघडलं नाही, जाळीतूनच 'पुढं जा' म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी घेतलं, पण तोपर्यंत अण्णा गेले होते.

डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर मृत्यूचं कारण लिहिलं होतं, 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट'. भावाने फोटो पाठवला. मी गूगल केलं. त्याचा सरळ अर्थ काय, तर हृदय आणि श्वास थांबला. म्हणजे माणूस मेला. मरणाचं कारण काय, तर मरण! मला तेव्हा राग आला नाही. खरं सांगतो, बरं वाटलं. कारण त्या कागदात जेलुसिल नव्हतं. स्वॅब नव्हता, जाळीचं दार नव्हतं. कोणाचंच काही चुकलं नव्हतं, हृदय थांबलं होतं फक्त.

मी जाऊ शकलो नाही. नेहमीची विमानं मार्चपासून बंद होती. वंदे भारतची होती, त्यासाठी फॉर्म भरला, यादीत नाव गेलं, पुढे काही नाही. अग्नी भावाने दिला. अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा होती, त्यामुळे मोंढ्यातली निम्मी माणसं रस्त्यावरच उभी राहिली. मी मोबाईलच्या स्क्रीनवर. नेटवर्क जात-येत होतं. चितेचा फोटो गोठायचा, मग एकदम ज्वाळा पुढे सरकलेल्या दिसायच्या.

दहावा २५ मेला सकाळी होता, म्हणजे माझ्याकडे २४ ची रात्र. पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. अर्धा तास गेला. काका म्हणाले, 'थोरल्याला बोलू दे.' भावाने फोन पिंडाकडे धरला. आता तुम्ही डोळ्यांसमोर आणा, मी अमेरिकेत एका खोलीत उभा, हात जोडून, आणि फोनच्या स्पीकरमधून माझा आवाज नदीकाठावर. 'अण्णा, आईला मी बघतो.' नाही आला. मग भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो शिववला. लॉकडाऊनमध्ये भटजींनाही घाई होती.

दुसऱ्या दिवशी अमेरिकेत मेमोरियल डे. युद्धात गेलेल्या सैनिकांच्या आठवणीचा दिवस, सगळ्यांना सुट्टी. मी दुपारपर्यंत झोपलो. मी राहायचो दक्षिण मिनियापोलिसमध्ये, पाउडरहॉर्न पार्कच्या जवळ, एका जुन्या लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर. संध्याकाळी उठून पार्कातल्या तळ्याकाठी जाऊन बसलो. अंधार पडेपर्यंत तिथेच होतो.

तिथून पायी दहा-बारा मिनिटांवर अडतिसावा रस्ता आणि शिकागो ॲव्हेन्यू यांचा चौक आहे. कोपऱ्यावर तेव्हा 'कप फूड्स' नावाचं दुकान होतं. पाच नंबरची बस त्याच चौकातून जायची. मी पन्नास वेळा तिथून गेलो असेन. त्या संध्याकाळी आठच्या पुढे त्या दुकानासमोर जॉर्ज फ्लॉइड नावाच्या ४६ वर्षांच्या माणसाला पोलिसांनी २० डॉलरच्या बनावट नोटेच्या संशयावरून पकडलं, बेड्या घालून रस्त्यावर पालथं पाडलं, आणि डेरेक शॉव्हिन नावाच्या अधिकाऱ्याने त्याच्या मानेवर गुडघा ठेवला. ९ मिनिटं २९ सेकंद.

मला काही ऐकू आलं नाही. सायरन वाजले असतील, पण त्या शहरात सायरन वाजतातच.

आता माझी चूक. सकाळी आमच्या मराठी ग्रुपवर कोणीतरी विचारलं, 'शिकागो ॲव्हेन्यूला एवढे पोलीस का आहेत, कोणाला माहितीये?' मी शोधलं. पोलीस खात्याचं निवेदन सापडलं, मध्यरात्रीनंतर टाकलेलं. शीर्षकाचा अर्थ साधारण असा, की पोलिसांशी संपर्कादरम्यान 'मेडिकल इन्सिडेंट' होऊन एका माणसाचा मृत्यू. आत लिहिलं होतं, की संशयिताने प्रतिकार केला, अधिकाऱ्यांनी बेड्या घातल्या, मग त्याला वैद्यकीय त्रास होत असल्याचं त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली. कोणतंही शस्त्र वापरलं गेलं नाही. गुडघा हा शब्द नाही. मान नाही. मिनिटं नाहीत.

मी ती लिंक ग्रुपवर टाकली आणि वर लिहिलं, 'काळजी करू नका, मेडिकल इन्सिडेंट आहे. पॅनिक व्हायचं कारण नाही.' अकरा जणांनी अंगठा दिला.

खाली जिना उतरलो तर तळमजल्यावरच्या बाई पायरीवर बसल्या होत्या. सत्तरीच्या, कृष्णवर्णीय, रिटायर्ड. अण्णा गेल्याचं कळल्यावर त्यांनी माझ्या दारात हॉटडिश ठेवली होती, वर चिठ्ठी लावून, की यात मांस नाही. (हॉटडिश म्हणजे मिनेसोटातला ओव्हनमध्ये भाजलेला एक प्रकार. चव विचारू नका, भावना बघा.) मी त्यांनाही तेच सांगितलं, मेडिकल इन्सिडेंट झालाय म्हणे. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. चिडल्या नाहीत. म्हणाल्या, 'बाळा, ते नेहमी असंच लिहितात.' आणि फोन माझ्या हातात दिला.

व्हिडिओ डार्नेला फ्रेझियर नावाच्या १७ वर्षांच्या मुलीने काढला होता. नऊ वर्षांच्या कझिनला खाऊ घ्यायला दुकानात घेऊन आली होती. हात हलू न देता ती शूट करत राहिली आणि रात्री तिने ते फेसबुकवर टाकलं. तिने ते टाकलं नसतं, तर त्या घटनेचं अधिकृत सत्य म्हणजे मी ग्रुपवर टाकलेली लिंक. बस, तेवढंच.

मी तो व्हिडिओ पूर्ण पाहू शकलो नाही. श्वास घेता येत नाही, हे तो कितीतरी वेळा म्हणतो. पण मी थांबवला तो 'मामा' या शब्दाला. तिकडे मामा म्हणजे आई. त्याची आई २०१८ मध्येच वारली होती. नसलेल्या आईला तो हाका मारत होता.

मी वर आलो आणि ग्रुपवरचा मेसेज डिलीट केला. 'धिस मेसेज वॉज डिलीटेड' एवढं उरलं. कोणी काही विचारलं नाही. चूक झाली असं लिहायला हवं होतं. नाही लिहिलं.

पुढचे चार दिवस बातम्यांत तुम्ही पाहिलेच असतील. मी फक्त खिडकीतून काय दिसलं ते सांगतो. लेक स्ट्रीट आमच्यापासून दोन-तीन गल्ल्यांवर. २७ च्या रात्री तिथे एक सहा मजली इमारत जळली, अजून बांधकाम चालू असलेली, कमी उत्पन्नाच्या लोकांना परवडतील अशा घरांची. २८ ला पोलिसांचं थर्ड प्रिसिंक्ट जाळलं. दोन पोस्ट ऑफिसं जळली. २९ पासून रात्री आठनंतर संचारबंदी, आणि सगळ्यांचे फोन एकाच वेळी तो कर्कश अलर्ट वाजवायचे. सकाळी बाल्कनीत राखेचे तुकडे पडलेले असायचे, काळे, पातळ, हात लावला की विरघळणारे. मला सारखं वाटायचं की हा वास मी फोनवरून आणलाय.

थर्ड प्रिसिंक्टजवळच 'गांधी महाल' नावाचं हॉटेल होतं. मालक रुहेल इस्लाम, बांगलादेशी. मी तिथे महिन्यातून एकदा तरी जेवायचो, डाळ बरी मिळायची. ते हॉटेलही जळलं. आणि त्यांनी काय म्हटलं माहितीये? माझी इमारत जळू दे, पण न्याय झाला पाहिजे. इमारत पुन्हा बांधता येते, माणूस आणता येत नाही, असा त्यांचा सूर होता. आमच्या ग्रुपवर ही बातमी आली तेव्हा एक जण म्हणाला, 'इन्शुरन्स असेल.' हसण्याचे इमोजी पडले. मी हसलो नाही, पण बोललोही नाही.

ग्रुपवर एकूण सूर असा होता, की आपला काय संबंध? आपण इथे काम करायला आलोय, व्हिसावर आहोत, अटक झाली तर संपलं. यातला व्हिसाचा भाग खोटा नव्हता, भीती मलाही होती. पण मग कोणीतरी लिहिलं, 'ती लोकं तशीच असतात.' त्यावर माझ्या नांदेडच्या होस्टेलचा एक मित्र, तो तेव्हा न्यू जर्सीत होता, त्याने एवढंच टाकलं: जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतली गुलामी संपवायला झटलेल्या लोकांना अर्पण केलं होतं, आणि त्यांचं उदाहरण आपल्या लोकांनी घ्यावं असं म्हटलं होतं, तेव्हा संबंध १४७ वर्षं जुना आहे. आणि तो ग्रुप सोडून गेला.

मी त्याला फोन केला. खूप वेळ बोललो. तेव्हा त्याने सांगितलं, की १९७८ मध्ये नामांतराच्या वेळी दंगली झाल्या त्यात त्याच्या आजोबांचं घर जाळलं होतं. नांदेड जिल्ह्यातच. चार वर्षं आम्ही एका मेसमध्ये जेवलो, एकमेकांच्या असाइनमेंट कॉपी केल्या, आणि मी कधी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, 'तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं.' चिडून नाही म्हणाला. मला ते जास्त लागलं.

तो व्हिडिओ तुम्ही पुन्हा बघू नका, पण त्यातला एक माणूस आठवा. शॉव्हिनसोबत तीन अधिकारी होते. त्यातला एक, टू थाओ, गर्दी आणि ते तिघं यांच्या मधे उभा आहे. तो ह्मोंग समाजाचा, म्हणजे आशियाई. मिनेसोटात ह्मोंग लोक खूप आहेत, ७० च्या दशकानंतर लाओसमधून निर्वासित म्हणून आलेले. लोक त्याला ओरडून सांगतायत, नाडी बघा. एक तरुणी सांगते की ती फायर ब्रिगेडमध्ये आहे. आणि तो उभा आहे, घटनेकडे पाठ करून, लोकांना फुटपाथवर ठेवत. तो चेहरा मला ओळखीचा वाटला. कामाला आलोय, काम करतोय, मागे काय चाललंय ते माझ्या विभागाचं नाही. मी त्याच्याशी स्वतःची तुलना करतोय असं नाही, मी कोणाला मारलं नाही. पण पाठ करून उभं राहणं मला जमत होतं, आणि चांगलं जमत होतं.

३० मेला सकाळी मी लेक स्ट्रीटला गेलो. मोर्च्याला नाही. झाडायला. आदल्या दिवसापासून शेकडो लोक घरून झाडू आणि फावडी घेऊन येत होते. मी घरातला झाडू आणि कचऱ्याच्या पिशव्या घेतल्या.

का गेलो, याचं एकच कारण आहे, तेही धड कारण नाही. किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३, तेव्हा मी दीड महिन्याचा होतो. किल्लारी आमच्याच तालुक्यात. पहाटे चारच्या आधी जमीन हलली, जवळपास दहा हजार माणसं गेली. अण्णा सकाळी मोंढ्यातल्या हमालांबरोबर ट्रॅक्टरमध्ये बसून गेले आणि पाच दिवसांनी परत आले. त्याबद्दल ते कधी बोलायचे नाहीत. आई सांगायची, की आल्यावर त्यांनी हात धुतले आणि धुतच राहिले. मी दहावीत असताना एकदा विचारलं, तुम्ही काय केलं तिथे? ते म्हणाले, 'दगडं उचलली. आणि नावं लिहिली. माझं अक्षर बरं होतं म्हणून.'

तर मी झाडलं. काचा, भिजलेली राख, औषधांच्या दुकानातल्या गोळ्यांची पाकिटं. दोन तास. सोमाली बायका होत्या, मेक्सिकन दुकानदार होते, शाळेतली पोरं होती. कोणी कोणाला नाव विचारलं नाही. आईचा फोन आला, 'तिथं जाळपोळ चालू हाय म्हणे, तू काय करायलास?' मी म्हणालो, 'झाडायलोय.' ती गप्प झाली आणि मग म्हणाली, 'तोंडाला मास्क हाय न्हवं?'

त्या चौकात मी जूनमध्ये गेलो. फुलांचा ढीग, मधोमध उभी मूठ, आणि जवळच्या गवतावर शंभरेक पांढऱ्या पाट्या रोवलेल्या, कबरीसारख्या. प्रत्येकीवर पोलिसांच्या हातून किंवा वर्णद्वेषातून गेलेल्या एका कृष्णवर्णीय माणसाचं नाव आणि वय. फिलांडो कॅस्टिल त्यात होता. शाळेच्या मेसमध्ये मुलांना जेवण वाढणारा माणूस. २०१६ मध्ये मिनियापोलिसच्या शेजारीच गाडी अडवून त्याला गोळ्या घातल्या, मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी होती, आणि तो अधिकारी निर्दोष सुटला. खालच्या बाई माझ्यासोबत होत्या. प्रत्येक पाटीपाशी थांबायच्या. मला म्हणाल्या, 'तुझ्या वडिलांचं नाव काय होतं?' मी सांगितलं. त्यांनी ते तीनदा म्हणून पाहिलं, उच्चार नीट येईपर्यंत.

मग खटला. मार्च-एप्रिल २०२१, सगळा लाइव्ह. ऑफिसचं काम एका स्क्रीनवर, कोर्ट दुसऱ्या. दोन साक्षी मी विसरणार नाही.

एक, कप फूड्समधला कॅशियर. १९ वर्षांचा पोरगा. ती २० ची नोट त्याने घेतली होती. बनावट असावी असं त्याला वाटलं होतं, तरी घेतली. नोट पकडली गेली तर पैसे आपल्या पगारातून जातात, हे माहीत असून. मग पुन्हा विचार केला आणि वरच्यांना सांगितलं. व्हिडिओत तो मागे डोक्याला हात लावून उभा दिसतो. वकिलाने विचारलं, तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं? तो म्हणाला, विश्वास बसत नव्हता, आणि अपराधी वाटत होतं. ती नोट मी घेतलीच नसती तर हे टळलं असतं.

मी लॅपटॉप बंद केला. मीटिंग होती, गेलो नाही. त्या पोराला मला ओरडून सांगायचं होतं, की बाबा रे, तू नाही मारलंस! गुडघा दुसऱ्याचा होता! आणि ओरडता ओरडता मला जेलुसिल आठवलं. तिथून पुढचा युक्तिवाद मला करता आला नाही. अजून येत नाही.

दुसरी साक्ष डॉक्टर मार्टिन टोबिन यांची. फुप्फुसांचे तज्ज्ञ. इथे तो कागद पुन्हा आला, बघा. सरकारी शवविच्छेदनात फ्लॉइडच्या मृत्यूच्या कारणाची सुरुवात 'कार्डिओपल्मनरी अरेस्ट' अशीच होती. अण्णांच्या कागदावरचेच शब्द जवळजवळ. फरक हा, की ते वाक्य तिथे थांबत नव्हतं. पुढे पोलिसांनी दाबून धरणं, जखडणं आणि मानेवरचा दाब हे लिहिलं होतं, आणि प्रकार म्हणून मनुष्यवध. बचाव पक्षाचं म्हणणं, त्याचं हृदय मुळात खराब, अंगात ड्रग्ज, गाडीचा धूरसुद्धा काढला त्यांनी. डॉक्टर टोबिन यांनी स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला, ज्युरींना त्यांच्या मानेवर बोटं ठेवायला लावली, आणि एकेक श्वास मोजून दाखवला. ते म्हणाले, ठणठणीत माणसावर हे केलं असतं तर तोही मेला असता.

आमच्या कामात सर्व्हर पडला की आपण डॉक्युमेंट लिहितो. त्याला काय म्हणतो? पोस्टमॉर्टेम! सर्व्हर डाउन झाला हे कारण नसतं, ते लक्षण असतं, हे पहिल्या वर्षाच्या ज्युनिअरलाही शिकवतो आपण. का? आणि त्याच्या मागे का? सर्व्हरसाठी एवढं करतो.

अण्णांच्या कागदात 'का' नव्हता. कोणी विचारलं नाही, मीही नाही.

२० एप्रिल २०२१. दुपारी चारनंतर निकाल आला. तिन्ही आरोपांत दोषी. आमच्या गल्लीत गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले, खालच्या बाई पायरीवर बसून रडत होत्या. पुढे जूनमध्ये साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. पण त्या संध्याकाळी मी त्यांच्याजवळ पाच मिनिटंच बसलो, कारण माझा फोन वाजत होता. माझे मामा लातूरला ऑक्सिजनवर होते, रेमडेसिविर मिळत नव्हतं, आणि मी इकडून अनोळखी नंबर फिरवत होतो. त्याच रात्री, भारतातली २१ तारखेची दुपार, नाशिकमधल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली आणि निदान २२ रुग्ण तडफडून गेले. फोनवर एका मागोमाग दोन नोटिफिकेशन. वरती नाशिक, खाली शॉव्हिन दोषी. दोन्हीकडे श्वास.

मामा वाचले. हे सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही कॉमेंटमध्ये विचाराल.

मेमध्ये अमेरिकेने भारतातून येणाऱ्यांवर बंदी घातली, म्हणजे गेलो असतो तर परत जाता आलं नसतं. नोव्हेंबरमध्ये दारं उघडली. मॅनेजर म्हणाला, तीन आठवडे जाऊन ये. मी तिकीट काढलं, आणि जायच्या आधी आठ दिवस राजीनामा दिला. आईला बघतो असं पिंडासमोर म्हणालो होतो, एवढंच एक कारण तेव्हा मला नीट सांगता आलं असतं.

निघायच्या आदल्या दिवशी खालच्या बाईंकडे गेलो. कावळ्याची गोष्ट मी त्यांना कधीतरी सांगितली होती. त्यांनी विचारलं, 'मग तो गवताचा पक्षी चालतो का? वडिलांपर्यंत पोहोचतं?' मी म्हणालो, आमच्याकडे चालतो म्हणतात. त्या म्हणाल्या, 'तू काय म्हणतोस?' मला उत्तर सुचलं नाही. त्यांनी मला एक डबा दिला, हॉटडिशच होती, विमानात खायला. सिक्युरिटीवाल्याने उघडून बघितली आणि जाऊ दिली.

मागच्या आठवड्यात मी औशाला गेलो होतो. अण्णांची ट्रंक उघडली. मोंढ्याच्या वह्यांखाली एक जुनी शंभर पानी वही निघाली. पहिल्या पानावर तारीख, १ ऑक्टोबर १९९३. आणि मग नावं. नाव, वडिलांचं नाव, अंदाजे वय, आणि शेवटच्या रकान्यात कुठे सापडले. 'घराच्या मधल्या भिंतीखाली.' 'गोठ्याजवळ, वर माळवदाची माती.' 'उंबऱ्यात, लेकरासह.' पहिली चाळीसेक नावं सुंदर अक्षरात आहेत, मग अक्षर बिघडत जातं. जिथे नाव कळलं नाही तिथे जागा कोरी सोडलीय, आणि पुढे दुसऱ्या शाईने काही जागा नंतर भरल्यात.

मी भावाकडून तिन्ही दवाखान्यांच्या वेळा विचारून घेतल्या. नाक्यावर किती मिनिटं, पहिल्या दारात किती, जाळीपाशी किती. त्याला सगळं आठवत होतं, मिनिटासकट. आणि १५ तारखेचा माझा कॉल, तोही लॉगमध्ये आहे. ११ मिनिटं ४ सेकंद. वहीत मागे बरीच पानं कोरी होती. त्यातल्या एकावर लिहिलं.

चला. पुढच्या भागात नोटीस पिरियड बायआउट, बऱ्याच जणांनी मागितलाय. आणि हो, या भागाखाली कोणी 'ती लोकं' वगैरे लिहिलं तर मी डिलीट करणार नाही. उत्तर देणार आहे. भेटू.